तापमान नेमकं कुणाचं? सोलापुरात बनलेल्या एका क्रायोजेनिक प्रोबचं प्रकरण

पहिल्या चाचणीचा आलेख मुलांनी माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यावर एकाच टिकलीची दोन उत्तरं होती. नमुना थंड करत नेला की त्याचा विद्युतरोध ८५ केल्विनला कोसळत होता. तोच नमुना परत तापवत आणला की रोध ९९ केल्विनला उगवत होता. टिकली वायबीसीओची, म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची. हा पदार्थ ९२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो, म्हणजे त्याचा रोध शून्य होतो, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. आणि ८५ व ९९ ची सरासरी ९२ येते. गटातल्या एकाने ती काढूनही ठेवली होती, समासात, पेन्सिलीने, खाली दोन रेघा मारून.

ती सरासरी मी खोडायला लावली. मुलं हिरमुसली. सबमिशनला तीन आठवडे राहिले होते आणि उत्तर तर बरोबर दिसत होतं. ते उत्तर का चालणार नव्हतं हे कळायला हा प्रोब, म्हणजे नमुना अतिथंडीत उतरवणारी दांडी, कसा घडला ते पाहावं लागेल, कारण त्या चौदा केल्विनच्या फटीची मुळं आम्ही दोन महिने आधी आमच्याच हातांनी रोवली होती.

काम काय होतं

सोलापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅनिकल शिकवतो. अंतिम वर्षाचा चौघांचा गट माझ्याकडे आला. तिघं मेकॅनिकलचे आणि एक इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी, जिची वही पुढे आम्हा सगळ्यांना उपयोगी पडली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राकडे भट्टीत भाजलेल्या वायबीसीओच्या टिकल्या होत्या: दहा मिलिमीटर व्यासाच्या, दोन मिलिमीटर जाड, दिसायला कोळशाच्या चकतीसारख्या. त्या खरंच अतिसंवाहक आहेत का, हे तापमानाबरोबर रोध मोजून पाहायचं होतं. तयार उपकरणं लाखांत. आम्हाला हवी होती एक साधी दांडी, जिच्या टोकाला नमुना बसवून ती द्रव नायट्रोजनच्या भांड्यात सोडता येईल. प्रयोगशाळांत तिला डिप प्रोब म्हणतात.

कामेरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये लायडनला पाऱ्याचा रोध नाहीसा होताना पाहिला तो साधारण ४.२ केल्विनला, द्रव हेलियमच्या थंडीत. पुढची पंचाहत्तर वर्षं या विषयाला हेलियमशिवाय फारसा हात लावता येत नव्हता. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांकडे वाट वळवली, आणि १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत वायबीसीओ सापडला. त्याचं तापमान ७७ केल्विनच्या, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या उत्कलनबिंदूच्या वर आहे, म्हणून द्रव नायट्रोजन पुरतो. ही गोष्ट घडली नसती तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या लेथवर असला प्रोब बनवण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नसता.

टाकीचं तोंड

नायट्रोजन कुठून आणायचा? मुलं आधी वेल्डिंगचा गॅस विकणाऱ्यांकडे फिरून आली. तिथे मिळतो तो सिलिंडरमध्ये दाबून भरलेला वायू, तो आमच्या कामाचा नाही. उत्तर मिळालं मोहोळ तालुक्यातल्या एका मुलाच्या घरून. त्याचे वडील फोनवर म्हणाले, ‘आरं, गाय भरवायला डॉक्टर येतेत, त्यांच्या बरणीतनं धूर निघतोय की. त्योच असंल बघ.’

तोच होता. कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सिअसला, म्हणजे ७७ केल्विनला, द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. मोटारसायकलला अडकवतात ती दोन-तीन लिटरची बरणी, आणि केंद्रावर असते ती पस्तीस-चाळीस लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, दुहेरी भिंतींची, मधे निर्वात. दुधाच्या पट्ट्यात ही साखळी गावोगाव पोचलेली आहे आणि आमच्या शहरातल्या अभियंत्यांना तिचा पत्ता नव्हता. मलाही नव्हता.

ओळखीच्या एका पशुवैद्यक डॉक्टरांनी वापरातून काढलेली एक मोठी टाकी आम्हाला दिली आणि ती भरूनही मिळवून दिली. अट एकच: रेतमात्रा असलेल्या टाकीत तुमची दांडी कधीही घालायची नाही. त्यांचं बरोबर होतं. रेतमात्रांच्या नळ्या क्षणभर जास्त वर आल्या तरी माल खराब होतो, आणि ते नुकसान शेतकऱ्याला कळतं ते गाय उलटल्यावर, म्हणजे पुन्हा माजावर आल्यावर, तीन आठवड्यांनी.

टाकी आली आणि आमचं पहिलं डिझाइन केरात गेलं. मुलांनी नमुन्याची जागा ६० मिलिमीटर व्यासाची आखली होती, चार नमुने एकदम बसतील अशी. टाकीच्या मानेचा आतला व्यास ५० मिलिमीटर. मान अशी अरुंद असते ती उष्णता आत कमी जावी म्हणून, आणि तिच्यातूनच उकळून निघालेला वायू बाहेर यायचा असतो. दांडीने मान भरून टाकली तर टाकीची बाटली होते आणि बाटलीचं बूच उडतं. म्हणून प्रोबचा सगळ्यात जाड भाग २८ मिलिमीटरच्या वर जाणार नाही, असं ठरवून कागद पुन्हा कोरा घेतला. माझ्या अनुभवात विद्यार्थी यंत्राची रचना त्याच्या हुशार टोकाकडून सुरू करतात. इथे ती भांड्याच्या तोंडाकडून सुरू करावी लागली, आणि ते बरंच झालं. नमुने चारवरून एकावर आले आणि अर्ध्या अडचणी आपोआप गेल्या.

दांडी कशाची

नळी अर्धा इंची, भिंत ०.९ मिलिमीटर, लांबी एक मीटर. त्यातली साधारण ६० सेंटिमीटर गरम टोकापासून थंड टोकापर्यंतची. धातू कोणता घ्यायचा यावर मुलांचं मत तांब्याकडे होतं, कारण ते सहज मिळतं आणि जोडायला सोपं. मी म्हटलं, आकडा काढा.

३०० केल्विनपासून ७७ केल्विनपर्यंत धातूची उष्णतावाहकता एकसारखी राहत नाही, म्हणून एकच आकडा धरून गुणाकार करणं बरोबर नाही. त्या संपूर्ण टप्प्याची बेरीज तक्त्यातून घ्यावी लागते. ती घेतल्यावर तांब्याच्या नळीतून साधारण ५ वॅट खाली उतरतात, पितळेच्या नळीतून १ वॅटच्या आसपास, आणि ३०४ स्टेनलेस स्टीलच्या नळीतून ०.१५ वॅट. एक वॅट उष्णता तासाला जवळपास २२ मिलिलिटर द्रव नायट्रोजन उकळवते. म्हणजे तांब्याची दांडी नुसती उभी राहून तासाला शंभर मिलिलिटरहून जास्त पिणार आणि स्टीलची तीन-साडेतीन. वर येणारा थंड वायू नळीला गार करत असतो, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमी भरतात. पण धातूंमधली तुलना बदलत नाही. स्टील ठरलं.

तारांचं उलट झालं. पुस्तकात उष्णता कमी वाहणाऱ्या मॅंगेनिन आणि फॉस्फर ब्राँझच्या तारांची शिफारस असते आणि मुलं त्या शोधत आठवडाभर फिरली. ती शिफारस मुख्यतः द्रव हेलियमसाठी असते, जिथे मिलिवॅटसुद्धा महाग पडतो. ट्रान्सफॉर्मर बांधणाऱ्याकडून आणलेली ३६ गेजची इनॅमल तांब्याची तार केसासारखी बारीक असते. तशा दहा तारा मीटरभर लांबीच्या घेतल्या तरी मिळून ०.०३ वॅटसुद्धा खाली नेत नाहीत. आठवडा वाया गेला, पण आकडा काढल्याशिवाय बाजारात जायचं नाही, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

तांबं, चांदी आणि एसीवाला

टोकाला तांब्याचा ठोकळा: २२ मिलिमीटर व्यास, ८० मिलिमीटर लांबी, एका बाजूने सपाट, वजन पाव किलोच्या आसपास. नमुना या सपाट भागावर बसणार. ठोकळा जाड हवा, कारण त्याने आपलं तापमान सावकाश बदलावं. ९० केल्विनच्या आसपास एवढं तांबं एक केल्विनने तापवायला साधारण ५८ ज्यूल लागतात. म्हणजे एक वॅटचा हीटर दिला की मिनिटाला एक केल्विन. तोंडपाठ राहील इतका सोयीचा आकडा, आणि पुढे त्यानेच आम्हाला वाचवलं.

लेथवरचे मिस्त्री एरवी यंत्रमागाचे सुटे भाग करतात. तांब्याची सळी पाहून त्यांनी मान हलवली. ‘सर, तांबं लई चिवट असतंय. टूलला चिकटतंय, कापत न्हाई.’ मग धारदार टूल, हळू फीड आणि भरपूर तेल, असं करत त्यांनी ठोकळा काढून दिला. त्यांचं काम आमच्या ड्रॉइंगपेक्षा चांगलं होतं. आम्ही टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-जास्त चालेल ते, लिहायला विसरलो होतो आणि त्यांनी स्वतःच्या अंदाजाने नळी घट्ट बसेल असा खाचा ठेवला.

ठोकळा स्टीलच्या नळीला जोडायचा होता. मुलं तो ओळखीच्या एसी दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. तांब्याच्या पाइपला तो रोज ब्रेझिंग करतो, म्हणजे धातूची काडी वितळवून जोड देतो, तेव्हा त्याच्या सफाईबद्दल शंका नव्हती. जोड दिसायलाही सुरेख आला. तिसऱ्या डुबकीनंतर त्यात केसाएवढी भेग पडली आणि दांडी हातात, ठोकळा टाकीत, असं होता होता वाचलं.

चूक त्याची नव्हती. तांब्याला तांबं जोडायला वापरतात त्या काडीत फॉस्फरस असतो, आणि तो लोखंडाशी मिळून ठिसूळ थर करतो. स्टीलला ही काडी चालत नाही. थंडीत दोन धातू वेगवेगळे आकसतात, आणि ठिसूळ थराला तेवढं निमित्त पुरतं. जोड कापून, घासून, स्टीलला चालणारा फ्लक्स लावून ४५ टक्के चांदीच्या काडीने पुन्हा केला. तो जोड आजही आहे. काडी महाग पडली. दोन इंच काडीसाठी पूर्ण काडी विकत घ्यावी लागली, उरलेली माझ्या कपाटात आहे.

दहा तारा आणि एक ओहम

तापमान मोजायला पीटी-१००, म्हणजे शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम असणारा प्लॅटिनमचा रोध. द्रव नायट्रोजनमध्ये तो वीस ओहमच्या थोडा वर येतो. मुलांनी त्याला दोनच तारा लावल्या होत्या. मीटरभर बारीक तारेचा जाऊन-येऊन रोध जवळपास एक ओहम. या थंडीत पीटी-१०० चा रोध दर केल्विनला ०.४३ ओहमने बदलतो, म्हणजे नुसत्या तारांमुळे दोन केल्विनहून जास्त चूक. म्हणून इथे चार तारा: दोन विद्युतप्रवाह नेणाऱ्या, दोन फक्त व्होल्टेज पाहणाऱ्या. नमुन्यालाही तशाच चार. हीटरला दोन. दहा झाल्या, आणि आणून ठेवलेला नऊ पिनांचा कनेक्टर परत करून पंधरा पिनांचा आणावा लागला.

चार तारांनी मोजूनही पीटी-१०० पुस्तकातल्या ७७.४ केल्विनच्या खाली, ७६.९ च्या जवळ वाचत होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीने दोन दिवस ॲम्प्लिफायरला दोष दिला. मग तिनेच शोधलं: पुस्तकातला उत्कलनबिंदू समुद्रसपाटीच्या दाबाचा आहे. सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब थोडा कमी, आणि नायट्रोजन इथे अर्धा केल्विन आधीच उकळतो. प्रोब बरोबर होता. प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता क्षण तोच. ती धावत स्टाफरूममध्ये आली होती आणि मला आधी कळलंच नाही की ही भांडतेय की आनंदात आहे.

नमुन्यावर तारा चिकटवणं हे वेगळं दुखणं होतं. साधं सोल्डर वायबीसीओला धरत नाही. सिल्व्हर पेंटचे ठिपके लावले, ते दुसऱ्या डुबकीला सुटले, कारण तार ताठ होती आणि आकसताना ठिपका ओढत होती. प्रत्येक तारेला नमुन्याजवळ एक सैल वळसा ठेवला आणि प्रश्न संपला. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, वेळ मात्र यातच सगळ्यात जास्त गेला.

डबी छताला लागली

तारा नळीतून बाहेर येतात त्या ठिकाणी, ठोकळ्याच्या वर, एक फट होती. मुलांनी ती दोन ट्यूबांतून मिसळायच्या इपॉक्सीने बुजवली. वरच्या कनेक्टरच्या डबीलाही इपॉक्सी. हेतू चांगला होता, आत ओल जाऊ नये. मी ते पाहिलं होतं आणि मान्य केलं होतं, म्हणून ही चूक माझ्याही नावावर आहे.

इपॉक्सी थंडीत स्टीलच्या तीनपट तरी आकसते. खालच्या बुजवणीत भेग पडली, पण इतकी बारीक की दिसत नव्हती. प्रोब अर्धा तास द्रवात होता. त्या भेगेतून थोडा नायट्रोजन आत झिरपला. बाहेर काढून स्टँडला लावल्यावर मिनिटाभरात ठो असा आवाज झाला आणि वरची डबी छताला लागून खाली पडली. त्या वेळी त्या टोकावर कुणाचं तोंड नव्हतं, हे नशीब. दहा मिनिटांपूर्वी होतं.

संध्याकाळी फळ्यावर हिशेब मांडला. द्रव नायट्रोजन खोलीच्या तापमानाला वायू झाला की सुमारे ७०० पट जागा मागतो. नळीच्या आतली जागा ९३ मिलिलिटर. म्हणजे चमच्याचा पाचवा भाग, एक मिलिलिटर द्रव आत अडकला तरी दाब सात वातावरणांपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सातपट जातो. भेग जशी द्रव सावकाश आत घेते तसाच वायू सावकाश बाहेर सोडते, पण तापायला तेवढा वेळ लागत नाही.

उपाय दोन ड्रिलच्या छिद्रांचा. ठोकळ्याच्या लगेच वर नळीला समोरासमोर ४ मिलिमीटरची दोन छिद्रं पाडली. द्रव येईल तसा येऊ दे, वर उचलला की निथळू दे. वरच्या डबीला इपॉक्सीऐवजी सिलिकॉनची एक सैल पट्टी, दाब आला तर उघडेल अशी. घट्ट बंद नळी आणि पूर्ण उघडी नळी, दोन्ही चालतात. अर्धवट बंद नळी चालत नाही.

त्यानंतरचे नियम फळ्यावर लिहिले आणि पुसू दिले नाहीत. फेसशील्ड आणि क्रायोजेनिक हातमोजे. हात पुसायला आणलेला टेरी टॉवेल हातमोज्याच्या जागी चालणार नाही, कारण सोलापुरात टॉवेल कुठेही हाताशी असतो आणि ओला टॉवेल गारठून हाताला चिकटतो. दारं-खिडक्या उघड्या, कारण सांडलेल्या दोन लिटरांचा वायू चौदाशे लिटर होतो आणि खोलीतल्या प्राणवायूचं प्रमाण खाली आणतो. नायट्रोजनचा माणसाला वास येत नाही आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. टाकी आणायची ती उघड्या छोट्या हत्तीत उभी बांधून, बंद गाडीत नाही, लिफ्टमध्ये माणसांबरोबर नाही. टाकीला थर्मोकोलचं सैल झाकण, कारण द्रव नायट्रोजन ऑक्सिजनच्या उत्कलनबिंदूपेक्षा थंड असतो आणि उघड्या भांड्यात हवेतला ऑक्सिजन येऊन साठत राहतो.

चौदा केल्विनची फट

आता तो आलेख. थंड होताना ८५, तापताना ९९. अतिसंवाहकाचा स्वभाव असा दुटप्पी नसतो, निदान एवढा नाही. मुलांनी तीन शक्यता लिहिल्या: पीटी-१०० बिघडला, ॲम्प्लिफायरचं वाचन सरकत चाललंय, टिकली खराब आहे. चौथी शक्यता कुणी लिहिली नाही, की थर्मामीटर खरं बोलतोय, पण स्वतःबद्दल.

पीटी-१०० कुठे होता? ठोकळ्याच्या बाहेरच्या अंगाला, चिकटवलेला, थंड वायूच्या थेट वाटेत. नमुना कुठे होता? सपाट बाजूला, पण तांब्याला थेट नाही. तांबं विजेचा वाहक, म्हणून मधे १.६ मिलिमीटर जाड ग्लास-इपॉक्सीची पट्टी घातली होती, दोन स्क्रूंनी आवळलेली. तीच पाटी, जिच्यावर सर्किट छापतात. ती उष्णता फार कमी वाहते, आणि थंडीत स्क्रू सैल झाल्यावर पट्टी आणि तांबं यांच्यात फट राहते. थंड करताना थर्मामीटर आधी थंड होतो आणि नमुना मागून येतो. नमुना ९२ ला पोचेपर्यंत थर्मामीटर ८५ वर गेलेला. तापवताना थर्मामीटर पुढे, नमुना मागे. नमुना ९२ ला, थर्मामीटर ९९ वर.

हे पटवून देण्यापेक्षा तपासून घेणं बरं. पहिल्या चाचणीत तापमान मिनिटाला सुमारे ६ केल्विन बदलत होतं. दर अर्धा केला. फट चौदाची सात झाली. म्हणजे नमुना तापमानाने नव्हे, वेळेने मागे होता, साधारण ७० सेकंद. मग मी त्यांना मुद्दाम एक वाईट चाचणी करायला लावली: मिनिटाला दहा केल्विनने थंड करा, तीनने तापवा. थंड होताना ८० च्या जवळ, तापताना ९५ च्या थोडं वर. सरासरी ८८. पेन्सिलवाला बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. त्याची ९२ ची सरासरी खरी ठरली होती ती पहिल्या दिवशी योगायोगाने दोन्ही दर सारखे होते म्हणून. आणि खरं सांगायचं तर ९२ हे पुस्तकात आधीच छापलेलं होतं म्हणून ती त्याला खरी वाटली होती. आमच्या टिकलीचं उत्तर ९२ च असेल याची हमी पुस्तक देत नाही. ते तपासायलाच तर प्रोब बनवला.

दुरुस्तीला चार दिवस लागले. ग्लास-इपॉक्सीची पट्टी काढली. तिच्या जागी सिगारेटचा कागद, व्हॅक्यूम ग्रीसमध्ये भिजवून. जाडी मिलिमीटरचा काही शतांश भाग, वीज अडवायला पुरेसा, उष्णता अडवायला नाही. क्रायोजेनिक प्रयोगशाळांतली ही जुनी युक्ती आहे. पानटपरीवर जायला मात्र कुणी तयार होईना. ‘सर, घरच्यांनी बघितलं तर?’ शेवटी मीच जाऊन आणला, आणि टपरीवाल्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

पीटी-१०० साठी ठोकळ्यात, नमुन्याच्या बरोबर खाली, भोक पाडलं आणि तो ग्रीस भरून आत बसवला. सगळ्या तारांना ठोकळ्याभोवती पाच-सहा वेढे देऊन वार्निशने चिकटवलं, म्हणजे वरून येणारी उष्णता नमुन्याकडे न जाता आधी तांब्यात जिरेल. ठोकळ्यावर २८ मिलिमीटर व्यासाची पितळेची टोपी चढवली, वायूची झुळूक थेट नमुन्याला लागू नये म्हणून. आणि वर-खाली करून तापमान बदलण्याचा नाद सोडला. प्रोब द्रवाच्या पृष्ठभागाच्या थोडा वर धरायचा, सावकाश थंड होऊ द्यायचा, आणि तापवायला ४७ ओहमच्या हीटरला सात व्होल्ट द्यायचे. एक वॅट. मिनिटाला एक केल्विन.

एक काम उरलं होतं. रोध शून्य झाला तरी मीटर १४ मायक्रोव्होल्ट दाखवत होता. प्रवाह बंद केला तरी तेवढेच. गरम-थंड टोकांमुळे तारांच्या जोडांवर आपोआप थोडं व्होल्टेज तयार होतं, ते हे. प्रत्येक वाचनाला प्रवाह उलटा करून दोन्हींच्या फरकाचं अर्ध घेतलं की ते वजा होतं. मुलीने दोन रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, हे आपोआप होईल असं केलं. रिलेंचा टिकटिक आवाज चाचणीभर चालू असायचा, घड्याळासारखा.

शेवटचा आलेख एप्रिलमधला. बाहेर उन्हाचा कहर, खोलीत पंखा बंद, कारण वाऱ्याने मानेतला वायू ढवळतो. कोरड्या हवेचा एक फायदा झाला, दांडीवर बर्फ फार धरत नव्हता. रोध ९२ ला खाली वळू लागला आणि ८९ च्या आसपास शून्याला टेकला. थंड आणि गरम रेघांमध्ये ०.६ केल्विनचा फरक राहिला. वळण पुस्तकातल्यासारखं सरळ कड्यासारखं नव्हतं, तीन केल्विन पसरलेलं होतं. भट्टीत भाजलेल्या टिकलीत दाणे एकमेकांना नीट जुळले नसतील तर असं होतं, किंवा ऑक्सिजन सगळीकडे सारखा मुरला नसेल तर. मित्राने आलेख पाहिला आणि पुढची टिकली ऑक्सिजनमध्ये जास्त वेळ मुरवतो म्हणाला. म्हणजे त्याला प्रोबने काहीतरी सांगितलं, जे आधी त्याला माहीत नव्हतं.

टाकी परत

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘चूक किती आहे?’ पेन्सिलवाला म्हणाला, ‘सर, कोणत्या दराने तापवलंय त्यावर आहे,’ आणि सात व चौदा केल्विनचे जुने आलेख पुढे केले. ते त्याने अहवालाच्या परिशिष्टात ठेवले होते. मी ठेवायला सांगितले नव्हते.

टाकी परत करायला गेलो तेव्हा डॉक्टर पातळी मोजत होते. एक काळी पट्टी टाकीत दहा-पंधरा सेकंद बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत द्रव आहे. आमच्या गटाने फेब्रुवारीत यासाठी सेन्सरचं डिझाइन केलं होतं, दोन पानांचं. डॉक्टरांनी पट्टी पुसली, वहीत आकडा लिहिला आणि विचारलं, ‘तुमची ती दांडी जरा आखूड करून मिळेल का? मानेजवळ किती गार असतं ते मला बघायचंय. नळ्या वर काढताना नेमकं काय होतं, ते आम्हाला कुणी मोजून दाखवलेलं नाही.’

आखूड दांडीला हीटर लागणार नाही, नमुन्याच्या चार तारा लागणार नाहीत. पीटी-१०० मात्र तांब्याच्या ठोकळ्यात बसवून चालणार नाही. तो रेतमात्रेच्या नळीएवढाच हलका आणि तेवढ्याच लवकर तापणारा हवा, नाहीतर पुन्हा तोच घोळ. मुलीने वही उघडून तिथेच, टाकीच्या झाकणावर ठेवून, नळीचा व्यास मोजायला घेतला.